लिनक्स डेस्कटॉपवरचे बग: कळवायचे कसे, पडताळायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लिनक्स वापरणारे आता फक्त आयटी कंपन्यांत नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये, सीएच्या ऑफिसात, घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचे तयार संच, म्हणजे डिस्ट्रो, सर्रास दिसतात. अडचण आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनचा फोटो येतो, कोणीतरी तोडगा सुचवतं, त्याचं काम भागतं. बग, म्हणजे प्रोग्राममधली मूळ चूक, मात्र जिथल्या तिथे राहतो आणि पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या कोणाला तरी छळतो. तो दुरुस्त करू शकणाऱ्या माणसापर्यंत पोचवायचा कसा, याबद्दल आम्हाला सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, द्यायच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीतच टाइप करा.

हा खरंच बग आहे, की माझ्या मशीनचाच बिघाड?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण बरेचसे रिपोर्ट इथेच गळतात. पहिली तपासणी अगदी सोपी आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन एक नवीन युजर तयार करा, त्या खात्यात लॉगिन करा आणि तीच कृती करून बघा. नव्या खात्यात सगळं सुरळीत चालत असेल, तर घोळ तुमच्या जुन्या सेटिंग्जमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. ग्नोम हा डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, पॅनेल दाखवणारा भाग) वापरत असाल तर सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून बघा. ब्राउझर असेल तर नवीन प्रोफाइलने उघडून बघा.

दुसरी तपासणी लाइव्ह पेनड्राइव्हची. त्याच डिस्ट्रोची ताजी आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता बूट करा आणि तीच कृती करा. तिथेही तसंच घडलं, तर तुमच्या हातात दखल घेण्याजोगा पुरावा आला.

हार्डवेअर विसरू नका. वेगवेगळे प्रोग्राम कधीही, कुठेही क्रॅश होत असतील तर रॅमवर संशय घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवा. सेकंडहँड लॅपटॉप असेल तर हार्डडिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती बघणं) कराच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, डेस्कटॉपला यूपीएस नव्हता आणि त्यानंतर फाइली उघडेनात, असं असेल तर आधी फाइल सिस्टिम तपासा. वीज अचानक गेल्याने झालेलं नुकसान बग म्हणून कळवलं, तर तपासणाऱ्याचे तास वाया जातात.

बग आधीच कोणी कळवला आहे का, हे कसं बघायचं?

ट्रॅकरवर, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर (त्यांची नावं पुढच्या प्रश्नात आहेत), प्रोग्रामचं नाव आणि एररमधले दोन-तीन नेमके शब्द टाकून शोधा. पूर्ण वाक्य टाकू नका, त्यात तुमच्या फोल्डरचं नाव असतं आणि मग काहीच सापडत नाही. बंद झालेले बगही शोधात धरा, पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. नोंद सापडली तर नवीन उघडू नका. लाँचपॅड या उबुंटूच्या ट्रॅकरवर ‘हा बग मलाही येतो’ अशी खूण करायची सोय आहे. पहिल्या माणसाखेरीज आणखी कोणी ती केली की नवीन बगची स्थिती आपोआप ‘कन्फर्म्ड’ होते. त्या एका क्लिकला एवढी किंमत आहे. ‘मला पण’, ‘कधी दुरुस्त करणार?’ अशा कॉमेंट मात्र टाकू नका, त्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतात.

कळवायचं नेमकं कुठे?

इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो, कारण लिनक्स डेस्कटॉप एका कंपनीचा नाही. प्रोग्राम लिहिणारे वेगळे, त्यांना आपण अपस्ट्रीम म्हणतो. त्याचं पॅकेज बनवून तुमच्यापर्यंत आणणारे डिस्ट्रोवाले वेगळे.

उबुंटूचे बग लाँचपॅडवर जातात. तिथे वेबसाइट उघडून लिहीत बसण्यापेक्षा टर्मिनलमध्ये ‘उबुंटू-बग’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. अपोर्ट हा प्रोग्राम आवृत्ती, कर्नल (लिनक्सचा गाभा), संबंधित लॉग (मशीनने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) हे सगळं स्वतः गोळा करून जोडतो. फेडोराचे बग रेड हॅट कंपनीच्या बगझिला या ट्रॅकरवर जातात. डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ वापरा. डेबियनची सगळी यंत्रणा ईमेलवर चालते आणि तुमचा ईमेल पत्ता जाहीर दिसतो, त्यामुळे ऑफिसचा पत्ता देण्याआधी विचार करा. लिनक्स मिंटच्या स्वतःच्या गोष्टी, म्हणजे सिनॅमन डेस्कटॉप वगैरे, गिटहबवर कळवायच्या. ग्नोमने २०१८ मध्ये बगझिला सोडून गिटलॅब घेतलं. केडीई हा दुसरा डेस्कटॉप अजून बगझिलावर आहे आणि तिथे प्रोग्राम कोसळला की डॉक्टर कॉंकी नावाची खिडकी उघडून तुम्हाला रिपोर्टपर्यंत घेऊन जाते.

मग डिस्ट्रोकडे जायचं की अपस्ट्रीमकडे? आमचा सल्ला असा: शंका असेल तर डिस्ट्रोकडे जा. तोच बग दुसऱ्या डिस्ट्रोवर किंवा प्रोग्रामच्या अगदी नव्या आवृत्तीतही दिसला, तर अपस्ट्रीमकडे जा आणि दोन्ही नोंदींत एकमेकींच्या लिंक द्या. प्रोग्राम आला कुठून, हेही बघा. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स मुळातच स्नॅप, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळं ठेवलेलं बंदिस्त पॅकेज, म्हणून येतो. फाइल उघडण्याच्या किंवा परवानगीच्या काही अडचणी स्नॅप किंवा तशाच फ्लॅटपॅकच्या बंदिस्तपणामुळे येतात, मूळ प्रोग्राममध्ये त्या नसतातच.

रिपोर्टमध्ये काय लिहू?

तीन गोष्टी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. समोरचा माणूस तुमची स्क्रीन बघू शकत नाही. तो तुमचं वाचून स्वतःच्या मशीनवर तेच घडवून आणणार आहे. ते त्याला जमलं तर बग अर्धा सुटला.

समजा, ‘प्रोजेक्टर नीट चालत नाही’ असं शीर्षक दिलं. यावरून कोणाला काहीही करता येणार नाही. त्याऐवजी लिहा: ‘एचडीएमआय केबल काढल्यावर खालचं पॅनेल नाहीसं होतं, लॉगआउट करेपर्यंत परत येत नाही’. मग पायऱ्या लिहा. लॅपटॉप चालू करून लॉगिन केलं. केबल लावली, ‘फक्त दुसरी स्क्रीन’ हा पर्याय निवडला. पाच मिनिटांनी केबल ओढून काढली. लॅपटॉपची स्क्रीन उजळली, वॉलपेपर दिसला, पण पॅनेल नाही. दर वेळी होतं की कधी कधी? ‘दोन्ही स्क्रीन’ निवडलं तर होतं का? केबल काढण्याआधी पर्याय बदलला तर? या शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं देणारा रिपोर्ट फार क्वचित येतो, आणि आला की डेव्हलपर लगेच कामाला लागतो.

याखेरीज डिस्ट्रो आणि त्याची आवृत्ती, डेस्कटॉप, ग्राफिक्स कार्ड आणि पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा वेलँड की एक्सऑर्ग, हे लिहा. ग्नोममध्ये सेटिंग्जच्या सिस्टिमविषयक पानावर ते दिसतं. फेडोराने २५व्या आवृत्तीत, २०१६ मध्ये, वेलँड मूळ पर्याय केला. उबुंटूने १७.१० ला केला, १८.०४ ला परत एक्सऑर्गवर आलं आणि २१.०४ पासून पुन्हा वेलँड. त्यामुळे स्क्रीन शेअरिंग, शॉर्टकट, स्क्रीनशॉट यांच्या तक्रारीत हा तपशील नसेल, तर पहिला प्रश्न तोच येणार. पॅकेजची आवृत्ती उबुंटू-डेबियनमध्ये ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की कळते. ‘लेटेस्ट आहे’ असं लिहू नका, उद्या ते लेटेस्ट नसेल.

एका रिपोर्टमध्ये एकच बग. आणि एरर मजकुराच्या रूपात चिकटवा, मोबाइलने काढलेला फोटो नको. फोटोतली अक्षरं कोणाच्याही शोधात सापडत नाहीत.

माझं इंग्रजी बेताचंच आहे. चालेल का?

नक्की चालेल. जगभरातले लोक तिथे तोडकंमोडकं इंग्रजी लिहितात. लहान वाक्यं, क्रमाने पायऱ्या, सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग. ग्नोममध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की रेकॉर्डिंगची सोय समोर येते.

माझा डेस्कटॉप मराठीत आहे, त्यामुळे एररही मराठीत येतात. त्याचं काय करू?

टर्मिनलमधून प्रोग्राम सुरू करताना त्याच्या आधी ‘लँग्वेज’ हा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मग बरोबरचं चिन्ह आणि ‘ईएन’ असं लिहा. संदेश इंग्रजीत येतील, बाकी मांडणी मराठीच राहील. काही ठिकाणी ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ ही किंमत देण्याचा सल्ला मिळतो. त्याने संदेश इंग्रजी होतात, पण तारीख, आकडे, वर्णक्रम हेही सगळं बदलतं, आणि कधी कधी त्या नादात बगच गायब होतो. तसं झालं तर ते आवर्जून लिहा. बग मराठी लोकेलमुळे (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगमुळे) येतो, हे त्यातून सिद्ध होतं आणि डेव्हलपरचा शोध कितीतरी कमी होतो.

लॉग कुठून काढायचे?

मशीन हँग होऊन बटण दाबून बंद करावं लागलं असेल, तर परत सुरू केल्यावर ‘जर्नलसीटीएल उणे बी उणे १’ द्या. म्हणजे मागच्या बूटचा लॉग दिसेल. त्याच्या शेवटच्या काही शेकडो ओळी पुरतात. फक्त कर्नलचे संदेश हवे असतील तर त्यात ‘उणे के’ जोडा. प्रोग्राम कोसळला असेल तर फेडोरामध्ये ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’ बघा. उबुंटूमध्ये क्रॅशच्या फाइली ‘व्हार’मधल्या ‘क्रॅश’ फोल्डरमध्ये जमा होतात. बॅकट्रेसमध्ये (कोसळताना प्रोग्राम कुठे होता ते दाखवणाऱ्या यादीत) नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर डीबग चिन्हं (कोडमधली नावं) नाहीत असा अर्थ. डेबियन, फेडोरा आणि अलीकडच्या उबुंटूमध्ये डीबगइन्फोडी सर्व्हर ती जीडीबी या चूक शोधणाऱ्या प्रोग्रामला गरजेनुसार पुरवतो, हाताने काही बसवावं लागत नाही.

घटना किती वाजता घडली, ते सेकंदापर्यंत जमत नसेल तरी मिनिटापर्यंत लिहा. आणि भारतीय वेळ आहे असं स्पष्ट करा. लाँचपॅडवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिसते, आपल्याहून साडेपाच तास मागे.

लॉगमध्ये माझी खासगी माहिती जाईल का?

जाऊ शकते. युजरचं नाव, मशीनचं नाव, वायफायचं नाव, नेटवर्क कार्डचा पत्ता, कधी उघडलेल्या फाइलींची नावं. सीए किंवा वकिलाच्या ऑफिसात फाइलीच्या नावातच अशिलाचं नाव असतं, तिथे फार जपा. जोडण्याआधी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचा आणि अशी नावं बदला, पण ओळी गाळू नका. उबुंटूमध्ये अपोर्टने पाठवलेला क्रॅशचा बग सुरुवातीला खासगी असतो, कारण मेमरीच्या तुकड्यात पासवर्डही असू शकतो. तो जाहीर करण्याची घाई करू नका.

मराठी अक्षरं मोडतात. हे कोणाला आणि कसं सांगू?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण हे काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही. पडद्यावर रफार चुकीच्या जागी बसला, तरी बर्लिनमधल्या किंवा बोस्टनमधल्या डेव्हलपरला तो दिसणारच नाही. त्याच्या दृष्टीने अक्षरं उमटली, म्हणजे झालं. हिंदीच्या चाचण्या असल्या तरी मराठीच्या गरजा वेगळ्या आहेत.

तपासायला हे वाक्य वापरून बघा: ‘सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढताना शेजाऱ्यांचा ॲपवर कॉल आला.’ ‘पर्वती’मध्ये रफार व्यंजनाच्या डोक्यावर जायला हवा. ‘पायऱ्या’मध्ये मात्र तो वर जाता कामा नये, य च्या डावीकडे अर्ध्या र ची ती आडवी रेघ दिसायला हवी. ‘शेजाऱ्यांचा’मध्ये तीच रेघ, शिवाय अनुस्वार आपल्या जागी. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात) २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन येतो किंवा दुसऱ्याच फॉन्टमधलं अक्षर उसनं आणलेलं दिसतं. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, तेही बघा. काही फॉन्टमध्ये हे वळण असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामने कळवलं तरच ते उमटतं.

आता दोष कोणाचा, हे शोधायचं. अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. फायरफॉक्स, ग्नोमचे प्रोग्राम, केडीईचे प्रोग्राम, लिबरऑफिस सगळे तीच वापरतात. म्हणून तेच वाक्य, तोच फॉन्ट लावून, तीन ठिकाणी बघा. सगळीकडे सारखंच मोडलं तर फॉन्टवर संशय घ्या. फॉन्ट बदलून बघा, लोहित आणि नोटो यांची तुलना करा. एकाच प्रोग्राममध्ये मोडलं तर त्या प्रोग्रामकडे जा. कोणता फॉन्ट प्रत्यक्षात वापरला जातोय, हे ‘एफसी-मॅच’ ही आज्ञा सांगते.

मग टाइप करण्याची बाजू. ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य. दिसायला दोन्ही सारखे, आत वेगळे. त्यामुळे ‘पायऱ्या’ शोधलं आणि फाइलमध्ये असूनही सापडलं नाही, असं होतं. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्टसह जे दाबलं की पहिला ऱ मिळतो. एखादी फोनेटिक मांडणी तुम्हाला काय देते, ते तपासा आणि रिपोर्टमध्ये युनिकोडचे क्रमांक लिहा: पहिल्या पद्धतीत शून्य-नऊ-तीन-एक, दुसऱ्या पद्धतीत शून्य-नऊ-तीन-शून्य. मांडणीचा दोष असेल तर तो बहुधा आयबस किंवा एम१७एन या टाइप करण्याची सोय देणाऱ्या प्रकल्पांकडे जातो.

रिपोर्टला दोन चित्रं जोडा, एक बरोबर आणि एक चूक, चुकीच्या जागेभोवती गोल काढून. मजकूर यूटीएफ-८ टेक्स्ट फाइलमध्ये द्या. मराठी वाचता न येणाऱ्या माणसालाही दोन चित्रांतला फरक दिसतो.

टर्मिनलमध्ये जोडाक्षरं विस्कटतात, ही मात्र जुनी मर्यादा आहे. तिथे प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीच्या घरात बसवलं जातं. त्यावर नवीन बग उघडण्याआधी जुन्या नोंदी वाचा.

जुन्या डीटीपीच्या फाइली लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बग?

नाही. पुण्यातल्या कितीतरी छापखान्यांत श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडपूर्व फॉन्टने मजकूर बसवलेला आहे. त्या फाइलींत मुळात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, मराठी रूप फॉन्ट देतो. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि ‘ऱ्य’, ‘ळ’ असलेले शब्द हाताने तपासा.

मला स्वतःला बग आलेला नाही. तरी काही मदत करता येईल का?

येईल, आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यांसाठी हेच सर्वात मोलाचं काम आहे. ट्रॅकरवर पडताळणीची वाट बघणारे बग ढिगाने असतात. एक निवडा, लिहिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करा. स्वतःची हुशारी मध्ये आणू नका, पाचवी पायरी निरर्थक वाटली तरी करा. तसंच घडलं तर आवृत्तीसकट लिहा. घडलं नाही तर तेही लिहा, पण ‘माझ्याकडे चालतंय’ एवढ्यावर थांबू नका. तुमचं ग्राफिक्स कार्ड, डेस्कटॉप, आवृत्ती द्या. कुठे घडत नाही, यावरूनही कारण शोधता येतं. व्हर्च्युअल मशीनवर तपासत असाल तर तसं सांगा, ग्राफिक्स, आवाज आणि स्लीपचे बग तिथे खरे दिसत नाहीत.

कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच बनावटीची ओळीने मशीन असतात. तिथे एक दुपार दिली तर ‘कधी कधी होतं’ असा बग किती वेळा होतो, हे आकड्यात सांगता येतं. घरी एका लॅपटॉपवर ते शक्य नाही.

‘दुरुस्ती तयार आहे, तपासून सांगा’ असा मेल आला. आता?

हा मेल दुर्लक्षू नका. उबुंटूमध्ये चालू आवृत्तीसाठीची दुरुस्ती आधी ‘प्रपोज्ड’ या भांडारात येते आणि बगवर पडताळणी हवी असा टॅग लागतो. किमान ७ दिवस ती तिथे राहते. कोणी तपासलीच नाही तर ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही. प्रपोज्ड चालू करा, फक्त तेवढंच पॅकेज घ्या, सगळं अपडेट करू नका. आधी जुन्या आवृत्तीवर बग परत घडवून बघा, मग नवीन बसवून त्याच पायऱ्या करा. आधीच्या आवृत्तीवर तो घडतच नसेल, तर नंतर न घडण्याला अर्थ नाही. त्या प्रोग्रामची नेहमीची दोन-चार कामंही करून बघा, एक दुरुस्त करताना दुसरं बिघडलं नाही ना. कॉमेंटमध्ये नवीन पॅकेजची पूर्ण आवृत्ती आणि तपासलेल्या पायऱ्या लिहा, मग टॅग ‘डन’ करा. फेडोरामध्ये हेच काम बोधी या साइटवर, कर्मा (चांगलं-वाईट असं मत) देऊन होतं.

मागच्या अपडेटपर्यंत चालत होतं, आता नाही.

हे सुरुवातीलाच लिहा. अशा बगला वेगळं महत्त्व मिळतं. कोणत्या तारखेला काय अपडेट झालं, ते ॲप्ट किंवा डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या इतिहासात सापडतं. कर्नलचा संशय असेल तर बूट मेनूतून जुना कर्नल निवडून बघा, एवढ्याने बहुतेक वेळा निकाल लागतो. ज्यांना सोर्स बिल्ड करता येतो त्यांनी गिट बायसेक्ट करावं, म्हणजे नेमक्या कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधावं. दर वेळी निम्मे बदल बाद होतात, त्यामुळे हजारभर बदलांतला दोषी साधारण १० चाचण्यांत सापडतो. एनव्हिडियाचा बंद सोर्सचा ड्रायव्हर चालू असेल तर कर्नलवर ‘टेंटेड’ (डागाळलेला) असा शिक्का बसतो आणि कर्नलवाले असा रिपोर्ट सहसा घेत नाहीत. शक्य असेल तर तो काढून पुन्हा बघा.

लॉक स्क्रीन पासवर्डशिवाय उघडली. हे कुठे टाकू?

ग्रुपवर तर नाहीच, जाहीर ट्रॅकरवरही नाही. लाँचपॅडवर बग उघडतानाच सुरक्षेचा खासगी बग असा पर्याय निवडता येतो. इतर डिस्ट्रोंना त्यासाठी स्वतंत्र सुरक्षा टीम आहेत. दुरुस्ती बाहेर येईपर्यंत व्हिडिओ कोणालाही पाठवू नका.

महिने झाले, कोणी उत्तर देत नाही. किंवा बग बंदच करून टाकला.

आधी तुमच्याकडे काही मागितलं होतं का, ते बघा. लाँचपॅडवर ‘इनकम्प्लीट’ (माहिती अपुरी) केलेला बग ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर आपोआप संपुष्टात येतो. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, नंतर तिच्यावरचे बग बंद होतात. असं झालं असेल तर नव्या आवृत्तीवर परत तपासा. अजून घडत असेल तर आवृत्ती बदलून घ्या किंवा पुन्हा उघडायला सांगा. ड्युप्लिकेट म्हणून बंद केला असेल तर मूळ बगला जाऊन जोडले जा आणि तुमच्या रिपोर्टमधलं जे तिथे नाही तेवढंच लिहा. बाकी शांतता असेल तर प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर एकदा तपासून ‘अमुक आवृत्तीत अजून आहे’ अशी एक ओळ टाका. ‘वर्ष झालं, लाज वाटत नाही का’ अशी ओळ टाकू नका. पलीकडचा माणूस अनेकदा नोकरी सांभाळून, रात्री घरी बसून हे करत असतो, आणि त्याला तुमच्याकडून हवी असते ती चाचणीची माहिती.